‘साठा संपला’ ही भीती आणि शुक्राणूंची घडण

लग्न ठरलेले तरुण समुपदेशनासाठी येतात, तेव्हा थोडे आढेवेढे घेऊन झाल्यावर त्यांच्यापैकी अनेकांचा प्रश्न एकच निघतो: किशोरवयापासून केलेल्या हस्तमैथुनामुळे आपला साठा संपला तर नसेल? अशाच एका तरुणाशी झालेल्या संवादाचे सार, ओळख पटेल असे सारे वगळून, येथे देत आहे.

“मॅडम, ठेव मोडून बसलोय मी,” तो म्हणाला. नुसता धीर देऊन अशी भीती जात नाही. तिच्या बुडाशी असलेली समजूतच तपासावी लागते, असे माझे ठाम मत आहे. म्हणून मी त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि सांगेन तशी आकृती काढायला लावली. वृषणातील मूळ पेशी सूत्री विभाजनाने, म्हणजे एकीच्या तशाच दोन होत, वाढतात. त्यांतील काही मूळ पेशी म्हणूनच मागे राहतात, तर काही पुढच्या वाटेला लागतात. या दुसऱ्या पेशींचे पुढे अर्धगुणसूत्री विभाजन होते, ४६ गुणसूत्रांच्या एका पेशीपासून प्रत्येकी २३ गुणसूत्रांच्या चार पेशी होतात आणि त्यांना शेपूट फुटून शुक्राणू घडतात. या सगळ्याला सुमारे ७४ दिवस लागतात.

त्याचे पेन पुन्हा पहिल्या वर्तुळावर गेले. “या मागे राहतातच?”

“राहतात.”

“म्हणजे आजचे शुक्राणू चार महिन्यांपूर्वी नव्हतेच? मग मी मोडली ती ठेव कुठली?”

मी मुद्दामच गप्प राहिले. उत्तर समोरच्याच्या तोंडून येईपर्यंत थांबणे मला आता साधते, याचे थोडे समाधान आहे. बाहेर न पडलेले शुक्राणूही शरीरात विघटित होऊन शोषले जातात, हे ऐकल्यावर तर तो चक्क हसला.

काळजी करायचीच, तर ती योग्य ठिकाणी करावी. धूम्रपान टाळावे. पिळदार शरीरासाठी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची इंजेक्शने घेऊ नयेत, कारण बाहेरून संप्रेरक मिळाले की मेंदूकडून वृषणांना जाणारे संदेश मंदावतात आणि शुक्राणूंची निर्मिती घटते, अनेकदा थांबतेही. मोठ्या तापाचा परिणाम काही आठवड्यांनी वीर्यतपासणीच्या अहवालात दिसू शकतो, त्यामुळे एका वाईट अहवालावरून निष्कर्ष काढू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासणी पुन्हा करावी. नमुना देण्यापूर्वी २ ते ७ दिवस वीर्यस्खलन टाळायचे असते. वर्षभर नियमित संबंध ठेवूनही गर्भधारणा झाली नाही, तर पती आणि पत्नी दोघांनीही तपासून घ्यावे. एकट्या पत्नीला पुढे करू नये.