मुलाच्या दातांच्या रिपोर्टवर 'इम्पॅक्टेड कॅनाइन' लिहिलंय. कॅनाइन म्हणजे कुत्रा ना? आणि तो दात काढला तर डोळ्याला काही होतं का?

कॅनाइन म्हणजे इथे सुळा. लॅटिनमध्ये कुत्र्याला कॅनिस म्हणतात, त्यावरून कुत्र्यांचं जे काही ते कॅनाइन, आणि कुत्र्याचे ते टोकदार दात नजरेत भरतात म्हणून आपल्या चार सुळ्यांनाही तेच नाव पडलं. इम्पॅक्टेड म्हणजे हाडात अडकून बसलाय. झालं, इतकंच.

डोळ्याचं मात्र नीट लिहिते, कारण त्यावरून आमच्या घरात महाभारत झालंय. माझ्या मुलीला बारावं सरलं तरी वरचा डावा सुळा आला नव्हता, दुधाचा सुळा ठाण मांडून बसलेला. एक्सरेत दिसलं की पक्का सुळा टाळूकडे आडवा होऊन शेजारच्या पटाशीच्या मुळाला टेकलाय. सासूबाईंचं सुरू झालं, वरच्या सुळ्याला हात लावायचा नाही, नजर जाते. मोठे भाऊजी त्यांच्या बाजूने. आणि पहिले डॉक्टर म्हणाले कशाला खटाटोप, काढून टाकू, मोठी झाली की इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, करा. मला दोन्ही पटलं नाही. सगळ्या दातांत लांब मूळ सुळ्याचं असतं, असा धडधाकट दात का घालवायचा?

मग ऑर्थोडोंटिस्ट, म्हणजे वाकडे दात रांगेत आणणारा डॉक्टर, गाठला. थ्रीडी स्कॅन झाला, दुधाचा सुळा काढला, भूल देऊन टाळूची हिरडी उघडली, आतल्या सुळ्यावर छोटंसं बटण चिकटवलं, त्याला बारीक सोनेरी साखळी आणि ती साखळी ब्रेसेसच्या तारेला बांधली, मग हळूहळू ओढत आणायचं. मेथीचा देठ साखळीत अडकला की पोर जेवण सोडून आरशापुढे उभी. वेळ खूप लागला, पण सुळा आला आणि रांगेत बसला. नजर सिक्स बाय सिक्स आहे, चष्मासुद्धा नाही.

दातांची नस वेगळी, दृष्टीची नस वेगळी. सुळ्याच्या मुळाशी पू झाला की सूज डोळ्याखाली चढते, कधी डोळा मिटतो, त्यातूनच ही समजूत आली असावी असं माझं मत. अशी सूज आली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, तिथला संसर्ग क्वचित शिरांमधून आत मेंदूकडे जातो. म्हणजे सासूबाईंसारखं सडका दात जपून ठेवणं जास्त घातक!

तेव्हा सुळा उपटू देऊ नका, खाली आणा. हां, मूळ हाडाला चिकटलेलं असेल किंवा दात फारच आडवा असेल तर तो ओढून येत नाही, काढावाच लागतो, ते स्कॅन बघूनच ठरतं. मुलाचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. धाकटं भावंड असेल तर नवव्या-दहाव्या वर्षी वरच्या हिरडीवर सुळ्याचा फुगवटा हाताला लागतो का ते तपासून घ्या, वेळेत कळलं तर बरेचदा नुसता दुधाचा सुळा काढून भागतं.

भाऊजी अजून म्हणतात, नशीब म्हणून पोरीचा डोळा वाचला. आता त्यांच्याच नातवाचा दुधाचा सुळा हलत नाहीये. त्यांच्या सुनेला मी सांगितलंय, एक्सरे काढून घे आणि सासऱ्यांना विचारत बसू नकोस.