पहिला रिलीज, पहिले बाण

अरे, धनुष्याने शिकारीच्या पहिल्याच सीझनला महागडा हिंज रिलीज घेऊ नकोस. (रिलीज म्हणजे धनुष्याची दोरी धरून सोडायचं साधन; हिंज म्हणजे ट्रिगरशिवाय, हात फिरवून सुटणारा.) इथल्या पेनसिल्व्हेनियातल्या व्हाइटटेल हरणासाठी मनगटाला बांधायचा, तर्जनीने दाबायचा बरा. माझा अंगठ्याचा रिलीज एकदा वीस फूट उंच मचाणावरून थेट पाचोळ्यात गेला, अन् हरीण समोर उभं! ट्रिगर मात्र झटका देऊन ओढायचा नाही. पाठ आवळत दाब हळूहळू वाढवायचा.

पैसे बाणांत घाल. पासष्ट पौंड ओढीचं कंपाउंड (चाकांचं धनुष्य) आणि २८ इंची बाण असेल, तर ३४० स्पाइनपासून (स्पाइन म्हणजे बाणाच्या ताठपणाचा आकडा) सुरुवात कर. आकडा कमी, तितका बाण ताठ. वजन ४०० ग्रेनच्या (सुमारे २६ ग्रॅम) वर ठेव; फार हलक्या बाणाने धनुष्य जास्त आवाज करतं. आणि कार्बनचा बाण दरवेळी कानाशी धरून वाकवून बघ. करकरला तर सरळ मोडून टाक.