जानेवारीत किती पेपर द्यायचे?

गणिताचा कट्टा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार मॅडम. आम्ही पार्ल्याला राहतो. मुलगी अंधेरीच्या एका इंटरनॅशनल शाळेत अकरावीत आहे, म्हणजे त्यांच्या भाषेत एएस. आम्ही दोघं स्टेट बोर्डाचे, त्यामुळे हे युनिट-बिनिट प्रकरण आमच्या डोक्यावरून जातं. शाळेच्या प्लॅनप्रमाणे जूनमध्ये पी-१, पी-२ आणि एम-१ आहे. पण क्लासचे सर म्हणतात, पी-१, पी-२ जानेवारीतच उरकून टाका, सोबत एफपी-१ आणि डी-१ पण द्या, म्हणजे बारावी सुरू व्हायच्या आत फर्दर मॅथ्सचे दोन पेपर संपतील. मुलीला हौस आहे, गणितात हुशार पण आहे, तिला पुढे इंग्लंडला मॅथ्स नाहीतर कॉम्प्युटर सायन्स करायचंय. हे म्हणतात, होऊ दे की, काय बिघडतंय. शाळेतल्या कोऑर्डिनेटर म्हणाल्या, तुमच्या जबाबदारीवर द्या. मला मात्र फिजिक्स-केमिस्ट्रीची काळजी वाटते. नक्की किती एक्स्ट्रा पेपर द्यावेत?
– एक आई, विलेपार्ले

उत्तर : ताई, आधी उत्तर सांगून टाकते आणि मग कारणं. जानेवारीत पी-१ द्या. पी-२ दिवाळीनंतरच्या सरावावर ठरवा. एफपी-१ जूनला. डी-१ आत्ता डोक्यातून काढून टाका.

आता कारणं. पेपरांच्या नावांवरून तुमचं बोर्ड ब्रिटनचं एडेक्सेल आणि कोर्स त्यांचा इंटरनॅशनल ए लेव्हल, म्हणजे अकरावी-बारावीचा, दिसतोय. यात नुसत्या मॅथ्सच्या ए लेव्हलला सहा युनिट लागतात : पी-१ ते पी-४ हे चार प्युअरचे, आणि दोन अप्लिकेशनचे, उदाहरणार्थ एम-१ आणि एस-१, म्हणजे मेकॅनिक्स आणि स्टॅटिस्टिक्स. फर्दर मॅथ्स हा वेगळा विषय, त्याला अजून सहा, त्यात एफपी-१ (एफपी म्हणजे फर्दर प्युअर) कंपल्सरी आणि एफपी-२ किंवा एफपी-३ पैकी एक तरी हवाच. एकदा एका विषयात वापरलेलं युनिट दुसऱ्यात चालत नाही. म्हणजे दोन्ही विषय मिळून बारा पेपर, आणि हे बारा पेपर दोन वर्षांत कसे पसरायचे हाच तुमचा खरा प्रश्न आहे. म्हणून एक्स्ट्रा हा शब्दच थोडा फसवा आहे, कारण क्लासचे सर जास्तीचं काही द्यायला सांगत नाहीयेत, जे कधीतरी द्यायचंच आहे ते आधी द्यायला सांगतायत.

लंडनला कोणी मावसभाऊ-बिऊ असेल तर त्याला विचारू नका बरं का. इंग्लंडच्या शाळांमध्ये ही युनिटची पद्धत राहिलेलीच नाही, तिथल्या जानेवारीच्या ए लेव्हल परीक्षा २०१३ नंतर बंद झाल्या आणि २०१७ पासून मॅथ्स पण लिनिअर झालं, म्हणजे दोन वर्षं शिकायचं आणि शेवटी एकदाच सगळे पेपर. सी-१, सी-२ अशी नावं असलेली जुनी पुस्तकं अजून कुठे कुठे मिळतात, ती त्या काळातली. सरावाला उपयोगी आहेत, पण सिलॅबस म्हणून त्यांच्यावर जाऊ नका.

आता एफपी-१. यात काय आहे बघा : कॉम्प्लेक्स नंबर, मॅट्रिक्स, पॅराबोला आणि रेक्टँग्युलर हायपरबोला, सिरीज, इंडक्शनने सिद्धता. घाबरण्यासारखं यात काहीच नाही, तुमच्या शेजारची स्टेट बोर्डाची अकरावी सायन्सची मुलगी कॉम्प्लेक्स नंबर, मॅट्रिक्स आणि इंडक्शन त्याच वर्षी करते, आणि कॉम्प्लेक्स नंबरमधलं दि मॉयव्हरचं थिअरम पण, जे तुमच्याकडे थेट एफपी-२ मध्ये येतं. तेव्हा वयाने झेपणार नाही असं मी अजिबात म्हणत नाही. अडचण वेगळीच आहे. एफपी-१ चा पेपर काढणारा माणूस धरून चालतो की पी-१ आणि पी-२ तुम्हाला येतंय, नुसतं शिकवून झालंय असं नाही, येतंय. तिन्ही पेपर एकाच जानेवारीत दिले तर रंगाचा एक हात सुकायच्या आत त्यावर दुसरा मारल्यासारखं होतं. इंडक्शनच्या गणितात बहुतेक मुलांची कल्पना बरोबर असते, मार्क जातात ते के प्लस वनच्या ओळीत अल्जेब्रा विस्कटतो म्हणून, आणि तो अल्जेब्रा पी-१ चाच असतो.

वेळेचंही बघा. एक युनिट म्हणजे ७५ मार्क आणि दीड तास. म्हणजे एका मार्काला सव्वा मिनिटापेक्षाही थोडं कमी. घरी पंख्याखाली बसून गणित सुटणं आणि या स्पीडने सुटणं यात पाच-सहा महिन्यांच्या सरावाचा फरक असतो, आणि हुशार मुलांना हे पटतच नाही कारण आत्तापर्यंत त्यांना वेळ कधी कमी पडलेलाच नसतो. अजून एक, कॅल्क्युलेटर. बाजारातल्या साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर क्वाड्रॅटिकची उत्तरं दोन बटणांत येतात, पण एडेक्सेलच्या पेपरात बऱ्याच प्रश्नांवर स्पष्ट लिहिलेलं असतं की फक्त कॅल्क्युलेटरवर अवलंबून असलेलं उत्तर चालणार नाही. पायऱ्या दाखवायच्या. घाईत तयारी केलेली मुलं नेमकी इथे गळतात, उत्तर बरोबर, मार्क अर्धे.

तुमचे हे म्हणतात काय बिघडतंय, तर बिघडतं ते असं. युनिट पुन्हा देता येतं, चांगला मार्क धरला जातो, त्यामुळे वाटतं की रिस्कच नाही. पण जानेवारीचा निकाल मार्चच्या सुरुवातीला येतो आणि जूनच्या पेपरांसाठी नावं शाळेला त्याच सुमारास पक्की करावी लागतात. समजा चारपैकी दोन युनिटात मनासारखे मार्क आले नाहीत, तर ते दोन आणि जूनचे स्वतःचे मॅथ्सचे, शिवाय फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे युनिट, सगळं एकाच मे-जूनमध्ये येऊन पडतं. म्हणजे ओझं हलकं करायला निघालो आणि होतं त्याहून वाढवून बसलो. तुमची फिजिक्स-केमिस्ट्रीची काळजी अगदी रास्त आहे, त्यांचेही युनिट जानेवारीत असतात, शाळेने त्यातलं काही त्याच महिन्यात ठेवलंय का ते आजच विचारा.

आणि जे कोणी सांगत नाही ते सांगते. प्रत्येक युनिटचे मार्क शंभराच्या स्केलवर बदलतात, सहा युनिट म्हणजे ६००. त्यात ४८० ला ए ग्रेड. पण ए स्टारसाठी ४८० पुरत नाहीत, पी-३ आणि पी-४ या दोघांत मिळून २०० पैकी १८० हवेत. पी-१ मध्ये ९९ पडले काय आणि ८८ पडले काय, ए स्टार तिथे ठरतच नाही. ठरतो तो पी-४ च्या इंटिग्रेशनमध्ये आणि व्हेक्टरमध्ये. म्हणून पेपर आधी द्यायचा असेल तर तो एवढ्याचसाठी, की दुसऱ्या वर्षी पी-३, पी-४ आणि एफपी-२ ला मोकळा वेळ मिळावा. एफपी-२ हे खरं अवघड प्रकरण आहे हं, सेकंड ऑर्डर डिफरन्शियल इक्वेशन, पोलर कोऑर्डिनेट्स, टेलर सिरीज, आणि त्याला पी-४ पर्यंतचं सगळं आलेलं लागतं, तिथे कितीही हुशार मूल असलं तरी क्रम चुकवून चालत नाही.

मग डी-१, म्हणजे डिसिजन मॅथ्स, का नको? विषय छान आहे, डायक्स्ट्राचा शॉर्टेस्ट पाथ, क्रुस्कल, क्रिटिकल पाथ, लिनिअर प्रोग्रॅमिंग, आणि कॉम्प्युटर सायन्स करायचं असेल तर मजा पण येईल. त्याला कॅल्क्युलस लागत नाही, आधीचं जवळजवळ काहीच लागत नाही. आणि म्हणूनच तो कधीही देता येतो, मग अकरावीच्या जानेवारीतच कशाला? क्लासला तो लवकर शिकवून मोकळं होणं सोयीचं असतं एवढंच. (क्लासवाल्यांवर माझा राग नाही, पण चार पेपरांची बॅच एका पेपरच्या बॅचपेक्षा महाग असते हे आपल्या दोघींनाही कळतं.)

युनिव्हर्सिटीचं म्हणाल तर कोणी युनिट मोजत बसत नाही. ऑफर येते ती विषयाच्या ग्रेडवर. केंब्रिजला मॅथ्ससाठी फर्दर मॅथ्स लागतंच, इंपीरियललाही लागतं, आणि केंब्रिजची ऑफर तर स्टेप-२ आणि स्टेप-३ या वेगळ्या परीक्षांवर पण अवलंबून असते, ज्यात एकेक प्रश्न पानपानभर चालतो आणि सवयीचा पॅटर्न उपयोगाला येत नाही. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे अर्ज बारावीच्या १५ ऑक्टोबरपर्यंत जातात, तोवर हातात दोन-तीन चांगले निकाल असले की शाळेला प्रेडिक्टेड ग्रेड, म्हणजे निकालाचा अंदाज, देताना आधार मिळतो, हा मात्र लवकर पेपर देण्याचा खरा फायदा आहे, तो मी नाकारत नाही. पण तो फायदा चांगल्या निकालाचा. सहा मध्यम निकाल हातात असतील तर शाळाच प्रेडिक्शन खाली आणते.

आता पी-२ चं कसं ठरवायचं ते. दिवाळीनंतर तिला पी-२ चा एक न बघितलेला जुना पेपर द्या, घड्याळ लावून, फोन दुसऱ्या खोलीत, क्लासच्या सरांचा मेसेज नाही काही नाही. मग आठवड्याने दुसरा. तपासताना मार्किंग स्कीम कडक लावा, पायरी नाही तर मार्क नाही. दोन्हीत ७५ पैकी ६५ च्या आसपास येत असेल तर बिनधास्त द्या. पन्नाशीत रेंगाळत असेल तर जून काही लांब नाही. नावं मात्र शाळेला बरीच आधी द्यावी लागतात, उशिरा दिली तर लेट फी, आणि कधी कधी शाळा घेतच नाही, तेव्हा तारीख आधी विचारून ठेवा.

एक तांत्रिक गोष्ट, शाळेच्या एक्झाम ऑफिसरशी बोलताना कामाला येईल. नुसते युनिट देऊन ए लेव्हल मिळत नाही, शेवटी कॅश-इन करावं लागतं, म्हणजे हे सहा पेपर धरा आणि ग्रेड द्या असं बोर्डाला कळवायचं. मॅथ्स आधी कॅश-इन करून ठेवलं असेल तर फर्दरच्या वेळी दोन्ही एकत्र पुन्हा करून घ्या, म्हणजे कुठलं युनिट कुठल्या विषयात बसवायचं हे फायद्याचं बघून नव्याने लावता येतं. हे विसरल्यामुळे चांगलं एस-२ नको त्या विषयात अडकून पडलेलं मी बघितलंय.

प्रश्न : मॅडम, मी भांडुपला राहतो, अकरावी सायन्स, स्टेट बोर्ड. माझा मित्र इंटरनॅशनल शाळेत आहे, तो फर्दर मॅथ्सचे पेपर आत्ताच देतोय. आमच्याकडे असं काही नाही का? मला बोर्डाचं गणित सोपं जातं आणि कंटाळा येतो.
– भांडुपचा एक विद्यार्थी

उत्तर : अरे, पेपर आधी देण्याची सोय आपल्या बोर्डात नाही, बारावीची परीक्षा बारावीलाच. पण कंटाळ्यावर औषध आपल्या मुंबईतच आहे. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, गणित ऑलिम्पियाड या स्पर्धेचा कारभार तिथून चालतो. पहिली पायरी आयओक्यूएम : तीन तास, ३० प्रश्न, १०० मार्क, आणि प्रत्येक उत्तर ०० ते ९९ मधली संख्या. ऑप्शन नाहीत, त्यामुळे क्लासमध्ये शिकवलेलं एलिमिनेशन विसर. पुढे विभागीय फेरी आरएमओ, मग राष्ट्रीय आयएनएमओ, तिथे सिद्धता लिहायच्या. विषय चारच, नंबर थिअरी, कॉम्बिनेटोरिक्स, जॉमेट्री, अल्जेब्रा, कॅल्क्युलस लागतच नाही. मित्राला सांग, १९९६ ची आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड आपल्या मुंबईतच झाली होती.

आणि खरं सांगू का, मित्राचं एफपी-१ बघून हिरमुसू नकोस, त्यातलं बरंचसं तुझ्याच अकरावीच्या दोन पुस्तकांत आहे, तू फक्त त्याला तेवढं भारी नाव दिलेलं नाहीस. सर्टिफिकेट हवंच असेल तर गोष्ट वेगळी. जेईई करत असशील तर ऑलिम्पियाडला आठवड्याची एक संध्याकाळ दे, त्याहून जास्त नको, आणि बारावीनंतर आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) आणि सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) यांच्या प्रवेश परीक्षा नक्की बघ, त्यांचे जुने पेपर त्यांच्याच साइटवर आहेत. पहिल्या दिवशी अर्धा प्रश्न सुटला तरी बस.

प्रश्न : नातू आठवीत, केंब्रिज बोर्ड. शाळा हुशार मुलांना आयजीसीएसईचं, म्हणजे त्यांच्या दहावीचं, मॅथ्स नववीतच देऊ देते आणि दहावीत अ‍ॅडिशनल मॅथ्स. सुनेला हवंय, मुलाला नकोय. मी काय सांगू?
– एक आजोबा, दादर

उत्तर : काका, सुनेची बाजू घ्या, पण एका अटीवर. अ‍ॅडिशनल मॅथ्समध्ये कॅल्क्युलस येतं, लॉगॅरिदम येतं, पुढे ए लेव्हलला नातू पहिल्या दिवसापासून आरामात असेल, तेव्हा मार्ग चांगलाच आहे. अट अशी की नववीत ए स्टारच्या जवळपास जात असेल तरच, कारण साधं मॅथ्स हेच पुढे सगळीकडे मागितलं जातं आणि घाईने आलेला बी सर्टिफिकेटवर छापला जातो. आणि २०२५ पासून केंब्रिजने दोन्ही विषयांत एक पेपर कॅल्क्युलेटरशिवायचा केलाय, आजच्या मुलांची इथे पंचाईत होते, तीन छेद आठ अधिक पाच छेद बारा म्हटलं की हात खिशाकडे जातो. तुम्ही स्वतः तोंडी हिशेबवाल्या पिढीतले असणार, तेव्हा रोज जेवणाआधी पंधरा मिनिटं अपूर्णांक, शेकडेवारी आणि वर्गमुळं तुम्हीच घ्या, त्याला क्लास लावायची गरज नाही.