आईला आता गाडी शिकायचीय

"वयाला शोभत नाही" हे समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या घरांतून इतक्यांदा ऐकू येतं, की ते कुणाबद्दल चाललंय हे मी आधी विचारून घेते. कधी चौदा वर्षांच्या मुलीबद्दल असतं, कधी अजून काहीच ठरत नाही अशा पंचविशीतल्या मुलाबद्दल. अलीकडे मात्र साठी ओलांडलेल्या आई-वडिलांबद्दल जास्त. आणि त्याला चिकटूनच एक भीती येते, हे विसरण्याच्या आजाराचं लक्षण तर नसेल?

कोल्हापुरात राजारामपुरीतला सागर (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) तीच भीती घेऊन आला. चाळिशीला टेकलेला, स्वतःचं दुकान, अडीच वर्षांचा मुलगा. दीड वर्षापूर्वी वडील गेले. आई सहासष्टची.

"मॅडम, आईला मोपेड शिकायचीय म्हणे. या वयात! डोकं ठिकाणावर आहे ना तिचं?"

"आणखी काही बदल जाणवतो?"

"तसं नाही. पण ती अशी कधीच नव्हती. घरात रिक्षा बोलावून देतो, केएमटीची बस आहे, मी आहे. काय नडलंय?"

भीतीला हसू नये, ती तपासावी. म्हणून जे सगळ्यांना विचारते ते त्यालाही विचारलं. ओळखीच्या रस्त्यावर चुकतात का? तोच प्रश्न तासाभरात पुन्हा पुन्हा विचारतात का? पैशाच्या व्यवहारात एकाएकी गोंधळ व्हायला लागलाय का? स्वच्छतेकडे दुर्लक्ष, परक्या माणसांशी विचित्र वागणं? यातलं काही असेल तर समुपदेशन बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठायचा. थायरॉइड, ब १२ जीवनसत्त्वाची कमतरता, दडलेलं नैराश्य यांनीही विसराळूपणा येतो आणि त्यावर उपचार असतात. चष्मा कुठं ठेवला ते न आठवणं, नाव जिभेवर अडकून संध्याकाळी आठवणं ही वयाची नेहमीची गोष्ट.

पुढच्या वेळी काकू, म्हणजे सागरची आई, आल्या त्या रागातच. "मला वेडी ठरवायला आणलंय व्हय?"

मी स्मरणशक्तीचं काही काढलंच नाही, भिशीबद्दल विचारलं. बारा बायकांची भिशी त्या चालवतात. कुणाची पाळी कधी, कुणी दोन महिने थकवलेत, कुणाला सांभाळून घ्यायचं आणि कुणाला नाही, सगळं तोंडपाठ. रेमंड कॅटेल आणि जॉन हॉर्न या मानसशास्त्रज्ञांनी बुद्धीचे दोन प्रकार वेगळे मांडले होते. अनोळखी कोडं झटपट सोडवणारी बुद्धी तरुणपणानंतर मंदावत जाते. अनुभवानं साठत गेलेली समज मात्र बरीच वर्षं टिकते, वाढतेही. काकूंची भिशी या दुसऱ्या खात्यातली. मोपेड पहिल्या खात्यात जास्त मोडते, म्हणजे शिकायला वेळ लागणार. पण वेळ लागतो म्हणजे शिकता येत नाही, असं नव्हे.

"गाडीच का पण?"

"चाळीस वर्षं ह्यांच्या मागं आडवी बसले. मी सगळं कोल्हापूर डाव्या बाजूनंच बघितलंय. आता अंबाबाईला जायचं तर पोराला विचारा, गंगावेशीत बहिणीकडं जायचं तर सुनेला विचारा. दोघं नाही म्हणत नाहीत. पण विचारावं लागतं."

या 'पण'वर मी थांबले. माझ्या कामात असा एखादा शब्द निसटू न देणं हेच खरं कसब, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं असं आता म्हणायला हरकत नाही.

तिसऱ्या बैठकीला माय-लेक दोघं होते. सागर समजावत होता, रस्ते कसे आहेत, हाडं कशी ठिसूळ होतात. त्याचं चूक नव्हतं. काकू बराच वेळ ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "परवा बाळानं चप्पल उलटी घातली. 'माझं मी' म्हणाला. तू टाळ्या वाजवल्यास, व्हिडिओ काढलास. मी 'माझं मी' म्हटलं, तर मला इथं घेऊन आलास."

सागरला उत्तर सुचलं नाही. खरं तर मलाही लगेच सुचलं नाही.

एरिक एरिक्सन हा माझा आवडता विचारवंत, हे माझ्याकडे येणाऱ्यांना लवकरच कळतं. त्यानं आयुष्याचे आठ टप्पे मांडले. दुसरा साधारण दीड ते तीन वर्षांचा, त्यात मूल स्वतःच्या मर्जीनं काही करू बघतं आणि हाणून पाडलं तर लाज आणि शंका शिकतं. पुष्कळजण हे टप्पे शाळेच्या इयत्तांसारखे वाचतात, दुसरी पास की तिचा विषय संपला. एरिक्सनला ते अभिप्रेत नव्हतं. प्रत्येक प्रश्न आधीही असतो, नंतरही राहतो, फक्त एका वयात तो ऐरणीवर येतो. त्याची पत्नी जोन हिनं १९९७ मध्ये नववा टप्पा जोडला. ऐंशी-नव्वदीत शरीर साथ सोडू लागलं की जुने सगळे प्रश्न परत दार ठोठावतात, 'माझं मी' सुद्धा, असं तिचं म्हणणं. काकूंच्या दारात तो प्रश्न वैधव्यामुळं लवकर आला.

आणि सागर? तो सातव्या टप्प्यात. या वयाची कमाई म्हणजे दुसऱ्यांची काळजी घेता येणं. दुकान, बाळ, आई, सगळं खांद्यावर घेतलेला माणूस काळजी आणि ताबा यांतली रेघ कधी ओलांडतो हे त्याचं त्याला कळत नाही. वडील गेल्यावर आईच्या हालचालींवर लक्ष ठेवणं हा त्याच्या दुःखाचाही भाग होता, हे मी त्याला एकट्याला नंतर सांगितलं.

कुठल्या वयात काय शोभतं याचं एक घड्याळ समाजच चालवत असतो. बर्निस न्यूगार्टन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९६० च्या दशकात त्याला 'सामाजिक घड्याळ' म्हटलं. लग्नाचं, मुलाचं, निवृत्तीचं वय त्यावर लिहिलेलं असतं. वडीलधाऱ्यांबद्दल माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या बहुतेकांची तक्रार या घड्याळाशी असते, मेंदूशी नसते.

तरी धोका खराच. प्रतिसाद मंदावतो, मोतीबिंदू असतो, पडलं तर खुब्याचं हाड मोडतं. इथं मी पॉल आणि मार्गरेट बाल्टेस या मानसशास्त्रज्ञ जोडप्याचा आधार घेते. म्हातारपणी नीट जगणारी माणसं तीन गोष्टी करतात: निवड, सराव आणि कमतरतेची भरपाई. पॉल बाल्टेस पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइनचं उदाहरण द्यायचे. उतारवयात तो मोजक्याच रचना वाजवी, त्यांचाच जास्त सराव करी आणि जलद भागाच्या आधीचा भाग मुद्दाम संथ घेई, म्हणजे पुढचा वेग उठून दिसे.

काकूंसाठी आम्ही हेच बसवलं. गर्दीचा महाद्वार रोड वर्ज्य, अंधार पडल्यावर गाडी नाही, पाऊस असेल तर रिक्षा. डोळे तपासून घ्यायचे. चाळिशीनंतर लायसन्सला डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतंच, ते त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी नीट तपासून द्यायचं. सराव सकाळी मोकळ्या मैदानावर, सुनेसोबत. मुलासोबत नाही, कारण तो मागून ओरडतो हे दोघांनाही मान्य होतं.

हेल्मेटही काकूंनी मान्य केलं. 'निघाले', 'पोहोचले' असे दोन फोन करायची सागरची अट मात्र अजून मान्य नाही. "बाप तुझा कधी करायचा का फोन?" या प्रश्नावर बैठक संपली. पुढच्या वेळी त्यावरच बोलायचं ठरलंय. जाताना दोघांनीही, वेगवेगळं गाठून, मॅडम तुम्ही कुणाच्या बाजूनं, असं मला विचारलं. मी सांगितलं नाही.