डॅशबोर्डवरच्या दोन रेघा आणि उरलेले चार महिने

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा: दोन वर्षं आठ महिने वयाची एसयूव्ही सेकंड हँड घेतलीत, कंपनीची मूळ वॉरंटी तीन वर्षांची, म्हणजे चार महिने हातात आहेत. डॅशबोर्डवर मागच्या दोन चाकांच्या जागी टायरमधल्या हवेच्या प्रेशरचा आकडा न येता नुसत्या रेघा दिसतात. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, "टायर वॉरंटीत येत नाही, शिवाय तुम्ही सेकंड ओनर."

दोन्ही कारणं पोकळ आहेत. पण वाद घालायला जाण्याआधी स्वतः खाली वाकून चाकं बघा. जुन्या गाडीत तिसरंच कारण निघू शकतं, आणि ते मात्र पोकळ नसतं.

चाकागणिक आकडे दिसतात म्हणजे तुमच्या गाडीत प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हलाच जोडलेला सेन्सर असणार. (काही गाड्यांत आकडे नसतात, फक्त पिवळा दिवा लागतो. तिथे बहुतेक वेळा चाकात काहीच बसवलेलं नसतं. हवा कमी झाली की चाक किंचित लहान होतं आणि जास्त फेरे मारतं, ते एबीएसच्या, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, सेन्सरवरून ओळखतात. अशा गाडीत हवा भरून रीसेट केलं की बहुतेक वेळा विषय संपतो.) तुमच्या सेन्सरमध्ये लिथियमचा सेल सीलबंद असतो, तो साधारण पाच ते दहा वर्षं चालतो. पावणेतीन वर्षांत दोन सेल संपावेत असं काही त्यांचं वय नाही. म्हणजे एक तर माल सदोष, नाहीतर आधीच्या मालकाकडे काहीतरी झालंय. सर्व्हिस सेंटर दुसरीच शक्यता पुढे करणार, तेव्हा उत्तर तुमच्याकडे तयार हवं.

टायरच्या बाजूला लांबोळक्या चौकटीत चार आकडे असतात. 2324 असेल तर तो टायर 2024 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. टायरच्या एकाच बाजूला असतात, त्यामुळे सापडले नाहीत तर मोबाइलचा टॉर्च घेऊन आतल्या बाजूने बघा. चारही टायर गाडीच्या आधीचे असतील तर ते मूळचेच, आणि हा तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा. मागचे दोन नंतरचे निघाले, तर टायर बदलले गेलेत. रिमवरून टायर सोडवताना मशीनचा दाब नेमका व्हॉल्व्हजवळ पडला की सेन्सर मोडतो, आणि तो वॉरंटीत मागता येत नाही. आधीच्या मालकाने अलॉय रिम बदलले असतील तर आणखीच गंमत: माझ्या मेहुण्याच्या गाडीत चारही चाकांना साधे रबरी व्हॉल्व्ह निघाले, सेन्सर जुन्या रिमांबरोबर कुणाच्या तरी गोडाऊनमध्ये. पंक्चरचं लिक्विड आत ओतलेलं असलं तरी सेन्सरचं भोक बुजतं. आणि स्टेपनी लावलेली नाही ना, तेही बघा. तिच्यात बहुधा सेन्सर नसतोच.

एक मात्र करू नका. खात्री करायला म्हणून नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडून टायर उघडून घेऊ नका. त्याचा हात लागला की दोष त्याचा, म्हणजे तुमचा.

आता "सेकंड ओनर". बहुतेक कंपन्यांची मूळ वॉरंटी गाडीला असते, माणसाला नाही. उरलेली मुदत नव्या मालकाकडे येते. वॉरंटी बुकलेटमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं असतं, ते पान फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. आरसी तुमच्या नावावर झाली का? मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 देऊन एजंट गप्प बसलाय, असं फार दिसतं. कायद्याने खरेदीदाराला त्यासाठी 30 दिवस असतात. आरसी आली की तिची प्रत देऊन कंपनीच्या नोंदीत तुमचं नाव आणि मोबाइल नंबर चढवून घ्या. आधीच्या मालकाने एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर ती वेगळी भानगड, ती बहुधा अर्ज करून आपल्या नावावर करून घ्यावी लागते आणि त्याला मुदत असू शकते. गाडी विकणाऱ्या डीलरने दिलेल्या "वॉरंटी"वर भिस्त ठेवू नका, असले कागद बऱ्याचदा इंजिन-गिअरबॉक्सच्या पलीकडे जात नाहीत.

"टायर वॉरंटीत नाही" हे अर्धसत्य. टायरची वॉरंटी टायरवाली कंपनी देते, बॅटरीची बॅटरीवाली, हे खरं. पण सेन्सर टायरवाल्याने बनवलेला नाही. गाडीच्या कंपनीच्या पार्ट्स कॅटलॉगमध्ये त्याचा वेगळा पार्ट नंबर असतो. काउंटरवर तो नंबर विचारा. नंबर मिळाला की "तो टायरमध्ये येतो" हे बोलणं आपोआप बंद होतं.

मी नेमका जिथे फसलो ते आता सांगतो. माझ्या गाडीलाही असंच झालं होतं, वॉरंटी संपायला दोन महिने होते. मी सर्व्हिस सेंटरला गेलो, ॲडव्हायझरने डॅशबोर्ड बघितला, "पुढच्या सर्व्हिसला करून टाकू सर, पार्ट मागवायला लागेल" म्हणाला, चहा पाजला. मी खूश होऊन घरी. जॉब कार्ड, म्हणजे तक्रारीची सर्व्हिस सेंटरमधली लेखी नोंद, उघडलंच नव्हतं. पुढच्या सर्व्हिसला गेलो तेव्हा वॉरंटी संपून अकरा दिवस झाले होते आणि तो ॲडव्हायझर नोकरी सोडून गेला होता. एका सेन्सरचे 3,800 सांगितले. नशीब, त्या दिवशी मी त्याला व्हॉट्सॲपवर डॅशबोर्डचा फोटो पाठवला होता आणि त्याने "ओके सर" लिहिलं होतं. त्या एका "ओके सर"वर तीन आठवडे ईमेल चालले. शेवटी पार्ट फुकट, मजुरी आणि बॅलन्सिंग माझ्या खिशातून.

तेव्हा चहा प्या, पण आधी जॉब कार्ड उघडा. त्यावर "टायरची तक्रार" असं मोघम लिहू देऊ नका. "मागील डावे व उजवे टायर प्रेशर सेन्सर रीडिंग देत नाहीत" असं, किलोमीटर आणि तारखेसकट. पार्ट यायला महिना लागला आणि मधेच वॉरंटी संपली, तरी तक्रार मुदतीतली ठरते. नकार द्यायचा असेल तर तोही कारणासह त्याच कार्डावर लिहून मागा. इथे निम्म्या लोकांचा सूर बदलतो.

जाताना गाडी थेट पार्किंगमधून नेऊ नका. उभ्या गाडीत सेन्सर झोपलेले असतात, चाक फिरायला लागल्यावर जागे होतात. पंधरा-वीस मिनिटं जरा वेगात चालवा आणि मग दाखवा, म्हणजे "थोडं चालवून बघा, येईल" असं सांगायची सोय राहत नाही. घरून निघताना इग्निशन चालू केल्यापासून व्हिडिओ घ्या. टायर प्रेशरचा दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला तर बिघाड यंत्रणेत. न लुकलुकता सरळ लागला तर हवा कमी. डिसेंबरच्या पहाटे असा दिवा लागला तर घाबरू नका, तापमान पाच-सहा अंश उतरलं की टायरमधला दाब साधारण एक पीएसआय कमी होतोच. स्कॅनर लावून चारही सेन्सरचे आयडी (ओळख क्रमांक) येतात का ते बघायला सांगा आणि त्याची प्रिंट मागा.

नवीन सेन्सर बसवल्यावर त्याचा आयडी गाडीला ओळखवून द्यावा लागतो. बरेच मेकॅनिक हे विसरतात आणि रेघा तशाच राहतात. चारही आकडे दिसेपर्यंत गेट पासवर सही करू नका. साध्या हवेऐवजी टायरमध्ये भरायला नायट्रोजन गळ्यात मारतील, त्याचा या दुखण्याशी काही संबंध नाही.

एवढं करूनही नाही म्हणाले तर कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल, जॉब कार्ड जोडून. मग 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. दोन सेन्सरसाठी तिथवर जावं लागेल असं मला वाटत नाही, पण ईमेलमध्ये उल्लेख करायला काय जातंय.

शनिवारी जाऊ नका, गर्दीत कुणी ऐकून घेत नाही. मंगळवार-बुधवारी सकाळी जा. आणि त्याआधी चारही टायरवरचे ते आकडे आणि गाडी बनल्याचा महिना इथे टाका, मागचे दोन नंतर बदललेत का ते लगेच कळेल.