काड्या फुल्ल, नेट गुल

प्रश्न : दादा नमस्कार. आम्ही गिरगावात चाळीत राहतो, दोन खोल्या. राउटर बाहेरच्या खोलीत माळ्यावर आहे, लोखंडी कपाटाच्या मागे. मुलाचं ऑफिसचं काम घरूनच चालतं, सकाळी सगळं ठीक असतं पण रात्री आठनंतर लॅपटॉप रडायला लागतो, मीटिंगमधे आवाज तुटतो, वायफायच्या काड्या मात्र फुल्ल. आणि त्याच वेळी त्याच वायफायवर माझ्या मोबाईलवर सिरियल मस्त चालू असते! नेटवाला मुलगा येतो, स्वतःच्या फोनवर स्पीड दाखवतो नि जातो. दुकानवाला म्हणतोय फॉरमॅट मारा. मारू का?
— एक ताई, गिरगाव

उत्तर : ताई, फॉरमॅट अजिबात मारू नका. पैसे जातील, मुलाच्या फायली जातील आणि रात्री आठला परत तेच. तुमच्या पत्रातच अर्धं उत्तर आहे बघा. मोबाईलवर चालतंय म्हणजे बाहेरून येणारी लाईन बरी आहे, सकाळी लॅपटॉप नीट चालतो म्हणजे लॅपटॉपही धड आहे, मग राहिलं काय तर दोघांच्या मधली हवा.

काड्यांवर फार विश्वास ठेवू नका. लॅपटॉपला राउटरचा आवाज किती मोठा ऐकू येतोय एवढंच त्या सांगतात, तिथे गर्दी किती आहे ते नाही. वायफायचं चाळीतल्या सार्वजनिक नळासारखं असतं, एका वेळी एकाचीच बादली लागते नि बाकीच्यांनी थांबायचं, आणि यात तुमचं वेगळं शेजाऱ्यांचं वेगळं असं काही नसतं, एका चॅनलवर, म्हणजे हवेतल्या एकाच वाटेवर, जेवढे राउटर आणि फोन आणि टीव्ही तेवढे सगळे एकाच रांगेत, मग पासवर्ड वेगळे असले तरी. रात्री आठला अख्खी चाळ घरी येते. झालं.

आता मोबाईल का चालतो? बहुतेक राउटर दोन बँडवर, म्हणजे लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ लांब जातो, भिंती पार करतो, म्हणून अख्ख्या चाळीचे राउटर तुमच्या घरात ऐकू येतात, वर ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हसुद्धा त्याच पट्ट्यात. ५ ला जागा भरपूर आणि स्पीडही जास्त पण भिंतीपुढे तो लवकर दमतो. माझा अंदाज असा की तुमचा फोन ५ वर आहे नि लॅपटॉप २.४ वर अडकलाय. त्या नेटवाल्या मुलाचंही तेच, राउटरखाली उभं राहून नव्या फोनवर दाखवलेला स्पीड खोटा नसतो हो, फक्त तो तुमच्या लॅपटॉपचा नसतो.

खात्री करायची तर विंडोजच्या लॅपटॉपवर सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय आणि मग आपल्या कनेक्शनचं प्रॉपर्टीज उघडा, तिथे नेटवर्क बँड असं लिहिलेलं दिसेल. २.४ असेल तर राउटरच्या सेटिंगमधे दोन्ही बँडना वेगवेगळी नावं द्यायला सांगा (नेटवाल्याला पाच मिनिटांचं काम आहे, चहा पाजा आणि करून घ्या), मग लॅपटॉपवर जुनं नाव फर्गेट करून ५ वाल्यालाच जोडा. लॅपटॉपला ५ वाला दिसतच नसेल तर त्याचं वायफाय कार्ड जुनं, फक्त २.४ चं असू शकतं, मग दोन्ही बँडचा यूएसबी वायफाय डोंगल घ्या, नवा लॅपटॉप नको.

राउटर तेवढा माळ्यावरून खाली आणा प्लीज. लोखंडी कपाट सिग्नल अडवतं आणि चाळीच्या जुन्या जाड भिंती काही कमी नसतात. आतल्या खोलीत ५ पोचतच नसेल आणि २.४ वरच राहावं लागलं तर चॅनल १, ६ किंवा ११ यापैकी जे सगळ्यात मोकळं ते लावा आणि विड्थ, म्हणजे चॅनलची रुंदी, २० मेगाहर्ट्झ ठेवा. काही हुशार लोक ३ किंवा ८ रिकामं दिसतं म्हणून तिथे जाऊन बसतात, त्याने दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचा त्रास अंगावर येतो आणि त्यांनाही होतो, कारण ही चॅनलं एकमेकांवर चढलेली असतात, एकमेकांना धक्का न लावणारी अशी १, ६, ११ हीच तीन.

आणि मुलाचं काम महत्त्वाचंच असेल तर सरळ राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅनची वायर टाका, लॅपटॉपला पोर्ट नसेल तर यूएसबीचा ॲडाप्टर मिळतो. वायरवरही रात्री अडकत असेल तर मात्र दोष लाईनचा, मग नेटवाल्याशी भांडायला तुम्ही मोकळ्या.

प्रश्न : लॅपटॉपचं झाकण बंद करून उघडलं की वायफाय गायब, लिस्टच येत नाही. रिस्टार्ट केला की येतं, पण शट डाऊन करून चालू केला तर कधीकधी येत नाही. हे कसं काय?
— एक काका, मुलुंड

उत्तर : काका, निरीक्षण एकदम बरोबर. विंडोजमधे फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊन पूर्ण शट डाऊन नसतंच, सिस्टिमचा गाभा डिस्कवर जपून ठेवतात नि पुढच्या वेळी तोच उचलतात, अडकलेल्या ड्रायव्हरसकट (ड्रायव्हर म्हणजे वायफाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर). रिस्टार्टमधे मात्र सगळं नव्याने सुरू होतं. डिव्हाईस मॅनेजर उघडा, नेटवर्क ॲडाप्टर्समधे वायफायवाल्याचं प्रॉपर्टीज, तिथे पॉवर मॅनेजमेंट टॅबमधे वीज वाचवायला हे बंद करायची परवानगी अशा अर्थाची टिक असते ती काढा. तो टॅबच नसेल (बऱ्याच नव्या लॅपटॉपमधे नसतो) तर लॅपटॉपच्या कंपनीच्या साईटवरून तुमच्या मॉडेलचा वायफाय ड्रायव्हर टाका. एखाद्या अपडेटनंतरच हे सुरू झालं असेल तर तिथेच ड्रायव्हर टॅबमधे रोल बॅक करून, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत आणून बघा. फुकट ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारी सॉफ्टवेअरं कृपया टाकू नका, एक दुखणं काढायला चार घरात येतात.

प्रश्न : स्टेशनच्या फ्री वायफायला लॅपटॉप जोडला जातो पण ओटीपीचं पानच उघडत नाही. गाडी लेट असली की वैताग येतो.
— कॉलेजची मुलगी, बोरिवली

उत्तर : अगं, हे वायफाय मुंबई सेंट्रलला जानेवारी २०१६ मधे पहिल्यांदा आलं तेव्हापासून लोक याच पानाशी झगडतायत. व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरवरून फिरवणारं ॲप) चालू असेल तर आधी बंद कर, डीएनएस (साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारा सर्व्हर) हाताने टाकलेला असेल तर ऑटोमॅटिकवर आण, घड्याळ तारीख बरोबर आहे का बघ. मग ब्राउझरमधे नेव्हरएसएसएल डॉट कॉम उघड, ही साईट मुद्दाम कुलूप न लावता, म्हणजे https शिवाय ठेवलेली आहे, त्यामुळे स्टेशनच्या सिस्टिमला मधे घुसून स्वतःचं पान दाखवता येतं. कुलूपवाल्या साईटवर ते जमत नाही, म्हणून तू बँकेची किंवा मेलची साईट उघडत बसलीस तर नुसता एरर येणार. बाकी नोट्स उतरवायला ठीक आहे, फी भरायची असेल तर मोबाईलचा हॉटस्पॉट लाव.