मुलीला बास्केटबॉलची कोच व्हायचंय

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मुलगी सांगलीत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विद्यापीठाच्या संघातून बास्केटबॉल खेळते, आणि ‘मला पॅट समिटसारखी कोच व्हायचंय’ असं तिनं जाहीर केल्यापासून बापलेकीचं बोलणं जवळजवळ बंद आहे. तिनं बँकेच्या परीक्षा द्याव्यात असं बाबांचं म्हणणं. तुम्ही मला विचारलंय, ही समिट कोण आणि आपल्याकडे तसं काही होता येतं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देते. दुसऱ्याचं बरंचसं त्यातच आहे.

पॅट समिट या अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाच्या ३८ हंगाम मुख्य प्रशिक्षक होत्या. १,०९८ सामने जिंकले, २०८ हरले, आठ वेळा राष्ट्रीय विजेतेपद. १९९७-९८ मध्ये तर ३९ पैकी ३९ सामने जिंकले. हे आकडे मुलीनं तुम्हाला ऐकवले असतीलच. त्यांची सुरुवात कशी झाली हे तिनं सांगितलंय का, मला शंका आहे.

१९५२ सालचा जन्म, घरी शेती, तीन मोठे भाऊ. तिथल्या हायस्कुलात मुलींचा संघ नव्हता, म्हणून वडिलांनी पलीकडच्या काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात, बिऱ्हाड हलवलं. कॉलेजात भावांना खेळाची शिष्यवृत्ती मिळाली. मुलींसाठी तशी सोयच नव्हती, त्यामुळे पॅटची फी घरच्यांनी भरली. १९७४ मध्ये, २२व्या वर्षी, त्या पदव्युत्तर शिक्षण घेता घेता संघाला मदत करायला म्हणून टेनेसीत आल्या. तेवढ्यात मुख्य प्रशिक्षक दीर्घ रजेवर गेल्या आणि सगळा संघ यांच्याच अंगावर पडला. महिना २५० डॉलर. स्वतःचा अभ्यास, शारीरिक शिक्षणाचे तास, सरावाला उभं राहणं, बाहेरगावच्या सामन्यांना व्हॅन चालवणं, परत आल्यावर खेळाडूंचे कपडे धुणं. ते कपडेसुद्धा आदल्या वर्षी डोनट विकून जमवलेल्या पैशांतून आलेले. त्यात गुडघ्याची मोठी दुखापत झालेली. तरी सावरून १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये त्या खेळल्या आणि संघानं रौप्यपदक मिळवलं. प्रशिक्षक म्हणून पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १९८७चं, म्हणजे तेराव्या हंगामातलं. त्याआधीची बारा वर्षं बाबांनीही विचारात घ्यावीत आणि मुलीनंही.

आणखी एक गोष्ट कौतुकाच्या भरात राहून जाते. १९७२ मध्ये अमेरिकेत ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, असं तो सांगतो आणि तो खेळांनाही लागू झाला. मग हळूहळू महिला संघांना पैसा, प्रवास, शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. २००६ मध्ये समिट यांचा पगार वर्षाला दहा लाख डॉलरच्या पुढे गेला. कष्ट त्यांचेच होते, पण त्या कायद्याशिवाय तेवढ्या कष्टांना इतकं मोल आलं नसतं.

माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम मात्र त्या आठ करंडकांत नाही. त्यांच्या खेळाडूंनी वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं असा नियम होता. जी खेळाडू टेनेसीत पूर्ण काळ खेळली, ती पदवी घेऊनच बाहेर पडली. एकीचाही अपवाद नाही. टमीका कॅचिंग्ज ही जन्मापासून कमी ऐकू येणारी मुलगी त्यांच्या हाताखाली खेळली आणि पुढे ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली. २०११ मध्ये समिट यांना अल्झायमर, म्हणजे हळूहळू स्मृती जाण्याचा आजार, असल्याचं निदान झालं, तेव्हा त्यांनी ते लपवलं नाही. जाहीर सांगून आणखी एक हंगाम संघ सांभाळला. २०१२ मध्ये त्यांच्या जागी आल्या होली वॉर्लिक, त्यांचीच जुनी खेळाडू आणि अनेक वर्षांची सहायक. वॉर्लिक यांच्यानंतर केली हार्पर, त्याही त्यांच्याच खेळाडू. समिट २०१६ मध्ये गेल्या, अवघ्या ६४व्या वर्षी. हे सगळं शिक्षकाचं काम आहे, ताई. म्हणून तुमच्या मुलीला मी विचारीन, ‘तुला खेळायला आवडतं हे कळलं, पण शिकवायला आवडतं का?’

आता आपल्याकडचं. स्पष्ट लिहिते : अमेरिकेतल्या कॉलेज कोचसारखी नोकरी भारतात नाही. आपल्या कॉलेजात बहुधा एकच शारीरिक शिक्षण संचालक असतो आणि कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे संघ तोच बघतो. त्या पदासाठी एम.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी, आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. शाळेत क्रीडा शिक्षक व्हायचं तर बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणातली पदवी; त्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, असते आणि तिच्यात मैदानी चाचणीही असते. निव्वळ प्रशिक्षक व्हायचं असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे एनआयएसचा, पदविका अभ्यासक्रम सर्वांत मानाचा. जिल्हा क्रीडा अधिकारी एमपीएससीतून, म्हणजे राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून, होता येतं. अनुदानित शाळांत जागा कमी निघतात. खाजगी अकादम्या आणि मोठ्या शहरांतल्या शाळांत काम मिळतं, पण सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि बऱ्याचदा करारावर. बाबांची काळजी खोटी नाही.

पण बँक की मैदान असं आजच ठरवायची गरज नाही. बँकेच्या परीक्षांना खुल्या गटात लिपिकपदासाठी २८ आणि अधिकारीपदासाठी ३० वर्षांपर्यंत बसता येतं. पदवीनंतर दोन वर्षांचं बी.पी.एड. केलं तरी तो रस्ता बंद होत नाही. बाबांना हे शांतपणे, मुलगी समोर नसताना सांगा.

मुलीला एवढंच सांगा की आत्तापासून क्लबमधल्या १४ वर्षांखालील मुलींची एक बॅच घे, पुढच्या उन्हाळी शिबिरापर्यंत. चांगल्या खेळणाऱ्या दोघीतिघींना सगळेच शिकवतात. जिला ड्रिबल, म्हणजे चेंडू आपटत पुढे नेणं, जमत नाही, जी दोन दिवस येते आणि तिसऱ्या दिवशी दांडी मारते, तिच्याशी ही कशी वागते, तिच्यासाठी सरावाचं काय वेगळं ठरवते, हे रोज वहीत लिहू दे. शिबिर संपल्यावर ती वही घेऊन तिघंही या, बी.पी.एड. आधी की एनआयएस, ते तेव्हा ठरवू. येताना विद्यापीठ संघाची सगळी मूळ प्रमाणपत्रं आणा. नाव आणि जन्मतारीख मार्कशीटशी जुळते का ते आजच पाहा, कारण चुकीची दुरुस्ती ती कॉलेजात असेपर्यंत सोपी आहे.